राख कोकणात चालते, दिल्लीत का नाही?



मातीवर बोलायला सुरुवात केल्यापासून एक प्रश्न माझ्याकडे सतत येतो. "आमच्याकडे झाडांना चुलीतली राख घालायचे. इथेही घालते, पण झाड पिवळं पडतं. असं का?" हे 'इथे' कधी नोएडा असतं, कधी इंदूर, कधी हैदराबाद, कधी सोलापूर. आणि प्रश्नाच्या शेपटीला एक वाक्य हमखास जोडलेलं असतं: "माझ्या हातालाच गुण नाही बहुतेक."

आजचा भाग मी त्या वाक्यासाठी ठेवला आहे. हाताला काही झालेलं नाही. आजीचा सल्लाही खोटा नाही. तो सल्ला एका विशिष्ट मातीचा होता, आणि ती माती गावीच राहिली. आपण फक्त सल्ला सोबत घेऊन आलो. लग्न, नोकरी, बदली, कारण काहीही असो, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या बागेत ही गोष्ट पुन्हा पुन्हा होते. बँकेतल्या बदल्यांमुळे मी स्वतः राजापूर तालुक्यातून निघून इंदूर, दिल्ली, चेन्नई असं फिरत आता बडोद्याला आहे. प्रत्येक ठिकाणची माती वेगळी निघाली, म्हणून हे जरा खात्रीने सांगते.

आधी राख म्हणजे काय ते बघू. लाकूड जळलं की त्यातला नत्र हवेत उडून जातो. मागे उरतो मुख्यतः चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, थोडं पालाश, किंचित स्फुरद आणि इतर खनिजं. आपल्या आज्या राखेने भांडी घासायच्या. राखेचं पाणी बोटांना बुळबुळीत लागतं, आठवतं? तो बुळबुळीतपणा म्हणजेच तिचा अल्कधर्मीपणा. म्हणजे राख टाकणं हे मातीला थोडं खत आणि पुष्कळ चुना देणं आहे.

आता कोकण बघा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. एवढं पाणी वर्षानुवर्षं मातीतून खाली झिरपतं, तेव्हा ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन नेतं. मागे लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची संयुगं राहतात. जांभ्या दगडाचा तो तांबडा रंग लोखंडाचा. अशी माती आम्ल होते, तिचा सामू साधारण पाच ते साडेसहा असतो. सामू म्हणजे पीएच. सात म्हणजे ना आम्ल ना अल्क. सातच्या खाली गेलं की आम्ल, वर गेलं की अल्कधर्मी. आम्ल मातीला चुना हवाच असतो, आणि राख तो देते. वर पालाश देते, जे पावसाने वाहून गेलेलं असतं. माडाच्या आळ्यात राख घालायची पद्धत आहे ती याच हिशोबात चपखल बसते, कारण माडाला पालाश खूप लागतं. भाताच्या रोपांसाठी कोकणात राब भाजतात, म्हणजे कवळ, शेण, पालापाचोळा अंथरून ती जागा जाळतात. त्यात तण मरतं, आणि जमिनीला राखही मिळते. पुस्तक न वाचता लोकांनी हे जमवलं होतं. मला त्याचं कौतुक आहे.

पण हीच मूठभर राख दिल्लीच्या वाफ्यात पडली की काय होतं? दिल्लीत पाऊस वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर, तोही अडीच-तीन महिन्यांत. चुना धुऊन जायला एवढं पाणी पुरत नाही. तो मातीतच राहतो. गंगा-यमुनेच्या गाळाच्या जमिनीत थोडं खणलं तर पांढुरके खडे लागतात, तिकडे त्यांना कंकर म्हणतात. आपल्या सोलापूर, मराठवाडा, विदर्भ, माळव्याच्या काळ्या मातीतही चुनखडीचे तसेच खडे असतात. या जमिनींचा सामू बहुतेक साडेसात ते साडेआठ. तिथे राख घालणं म्हणजे खारट आमटीत वरून मीठ टाकणं.

आणि ती आमटी झाडाला कशी लागते? मातीत लोह भरपूर असतं, पण सामू वाढला की ते अशा रूपात जातं की मुळांना उचलता येत नाही. डब्यात लाडू आहेत आणि झाकण घट्ट बसलंय, तशी अवस्था. मग झाडाची नवी, शेंड्याकडची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, जाळी काढल्यासारख्या. हे चित्र नीट लक्षात ठेवा. नवं पान पिवळं आणि शीर हिरवी, तर संशय लोहावर. खालची, जुनी पानं सरसकट पिवळी, तर बहुधा नत्र कमी. जुनी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर मॅग्नेशियम. हल्ली कुठल्याही पिवळ्या पानाला एप्सम सॉल्ट घाला असं सांगणारे खूप झालेत. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. काळ्या मातीत मॅग्नेशियमची सहसा ददात नसते. नसलेल्या रोगावर औषध कशाला?

दिल्लीत माझ्या शेजारी मालवणकडच्या एक काकू राहायच्या. त्यांनी माहेराहून अनंताचं रोप आणलं होतं, आईने लावलेल्या झाडाच्या फांदीचं. आई आता नाही, माहेरचं घरही विकलं गेलं, त्यामुळे ते झाड तेवढंच उरलेलं. दोन वर्षांत त्याची पानं लिंबासारखी पिवळी झाली होती. काकू मायेने दर महिन्याला राख घालत होत्या, आणि पिवळेपणा वाढला की आणखी थोडी. नर्सरीवाल्याने त्यांना शेणखत दिलं, मग युरिया दिला, मग "हे झाड इथे होतच नाही" असं सांगून मोकळा झाला. वास्तविक दिल्लीत अनंत होतो, लोक त्याला गंधराज म्हणतात. पण अनंताला आम्ल माती लागते, आणि लोहाची टंचाई पहिली दाखवणाऱ्या झाडांमध्ये तो मोडतो. त्याच यादीत एक्झोरा आहे, काही प्रमाणात जास्वंदही.

काय केलं ते नंतर सांगते. आधी तुमची माती कुठल्या बाजूची आहे ते घरच्या घरी कसं ओळखायचं ते बघू.

चमचाभर कोरडी माती बशीत घ्या. तिच्यावर पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घाला. फसफसली, बुडबुडे आले, तर त्या मातीत मोकळा चुना आहे. तिथे राख, चुना, अंड्याची कवचं यांतलं काहीही घालायची गरज नाही. फसफसली नाही, तर एवढंच कळतं की मोकळा चुना फारसा नाही. माती आम्ल आहे असं त्यावरून म्हणता येत नाही, त्यासाठी सामू मोजावा लागतो. दोन काट्यांचे स्वस्त मीटर बाजारात मिळतात, त्यांवर माझा विश्वास नाही. त्यापेक्षा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात माती द्या. अशी केंद्रं देशभर आहेत. पहिलं १९७४ साली पुदुच्चेरीला निघालं. थोडं शुल्क घेऊन बागवाल्यांचीही माती बरेचदा तपासून देतात, आधी फोन करून विचारा. बागेतल्या पाच-सहा जागांवरून वीतभर खोलीपर्यंतची माती घ्या, एकत्र करा, सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो न्या. शेतकऱ्यांसाठी २०१५ पासून जी मृदा आरोग्य पत्रिका मिळते तिच्यात बारा गोष्टी असतात. घरच्या बागेला त्यांतल्या तीन आधी बघा: सामू, क्षार किती ते सांगणारी विद्युत वाहकता, आणि सेंद्रिय कर्ब.

दुसरी चाचणी बरणीची. काचेच्या उभट बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, झाकण लावून जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं. मिनिटभरात खाली बसते ती वाळू. दोनेक तासांत बसतो तो गाळ, पोयटा. आणि जी दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळ ठेवते ती चिकणमाती. वर तरंगतो तो काडीकचरा, म्हणजे सेंद्रिय भाग. पट्टी लावून थर मोजा. निम्म्याहून जास्त चिकणमाती असेल तर तुमचा मुख्य प्रश्न खताचा नाही, पाण्याच्या निचऱ्याचा आहे.

इथे काळ्या मातीवर जरा थांबते, कारण इंदूर, नागपूर, उज्जैनकडच्या मंडळींचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे असतो. "काळी माती सोन्यासारखी" हे आपण लहानपणापासून ऐकतो. शेतात ती आहेच सोन्यासारखी. बेसाल्ट झिजून झालेली, पाणी धरून ठेवणारी, चुना आणि पालाश भरपूर. मग लोक तीच माती पोत्याने आणून कुंडीत भरतात. काळ्या मातीतली चिकण भिजली की फुगते आणि सुकली की आकसते. शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात त्या यामुळेच. कुंडीत भेग पडत नाही, अख्खा गोळाच आकसून कुंडीच्या कडेपासून सुटतो. तुम्ही वरून पाणी घालता, ते कडेच्या फटीतून सरळ खाली जातं आणि भोकातून बाहेर येतं. तुम्हाला वाटतं झाड भिजलं. मधला गोळा कोरडा ठणठणीत. आणि पावसाळ्यात उलट, तोच गोळा इतका गच्च होतो की मुळांना हवा मिळत नाही. एकच झाड मे महिन्यात तहानेने आणि ऑगस्टमध्ये गुदमरून मरतं.

कुंडीसाठी काळी माती एक तृतीयांशापेक्षा जास्त घेऊ नका. उरलेल्यात जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा, आणि चांगलं कुजलेलं खत. जमिनीत मात्र काळ्या मातीवर घमेलंभर वाळू टाकून काही साधत नाही. तिथे दरवर्षी पालापाचोळा, कंपोस्ट घालत राहायचं आणि गादीवाफे करायचे, म्हणजे झाड साचलेल्या पाण्यात उभं राहणार नाही.

बंगळुरूकडची लाल माती याच्या उलट वागते. ग्रॅनाइटसारख्या खडकापासून झालेली, निचरा चांगला, पण घातलेलं खत टिकत नाही. तिथे खत एकदम न देता थोडं थोडं, जास्त वेळा. वर पाल्याचं आच्छादन. तिथली माती किंचित आम्ल असली तर थोडी राख चालेल, पण बोअरचं पाणी जड असेल तर त्या पाण्यातूनच चुना येत असतो, हे विसरू नका.

पाणी हा अर्धा मातीचाच विषय आहे. कुंडीच्या बाहेरून पांढरी खपली दिसते ना, ते क्षार. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी झाडांना घालणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, पाणी वाचतं. पण त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार गोळा झालेले असतात. रोज तेच कुंडीला घातलं तर वर्षा-दोन वर्षांत माती खारट होते. त्या पाण्याने फरशी धुवा. झाडांना घालायचंच तर दुप्पट-तिप्पट साध्या पाण्यात मिसळून घाला, आणि मधून मधून साध्या पाण्याने कुंडी भरपूर भिजवून खालून पाणी वाहू द्या. पावसाचं पाणी मिळालं तर ते सर्वात उत्तम, त्यात चुना नसतो.

काकूंच्या अनंताकडे परत येते. ते झाड जमिनीतून काढलं नाही. पावसाळ्यात त्याच्या तीन फांद्या कलमासाठी घेतल्या, दोन जगल्या. कुंडीत बागेतली माती अजिबात घेतली नाही. कुजलेला पाला, धुतलेलं कोकोपीट, जाड वाळू आणि थोडं गांडूळखत. कोकोपीट धुतलं, कारण त्यात बरेचदा मीठ असतं. गच्चीच्या पन्हाळीखाली झाकणाचा ड्रम ठेवून पावसाचं पाणी साठवलं, आणि अनंताला शक्यतो तेच. सुरुवातीला चिलेटेड लोह दोनदा दिलं. हे लोह अशा संयुगात बांधलेलं असतं की चुन्यातही काही काळ मुळांना मिळतं. साधं फेरस सल्फेट चुनखडीच्या जमिनीत घातलं की थोड्याच दिवसांत निकामी होतं. लोक गंधक घालायला सांगतात, गंधकाने सामू उतरतो हे खरं, पण जिथे मोकळा चुना आहे तिथे तो गंधक गिळून बसतो. म्हणून अशा जागी जमीन बदलण्याच्या मागे न लागता, हव्या त्या एका झाडासाठी कुंडीत वेगळी माती करावी असं माझं मत आहे. तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात त्या कलमाला फुलं आली. दुसरं कलम काकूंनी पुण्याला बहिणीकडे पाठवलं.

बाकी बागेत मात्र तिथल्या मातीला जे आवडतं ते लावा. चुनखडीच्या जमिनीत डाळिंब, अंजीर, बोर, बोगनवेल, कण्हेर, मेंदी ही झाडं तक्रार करत नाहीत. पालक आणि बीट अल्कधर्मी मातीत चांगले येतात.

आता हवामान. मातीइतकाच घोळ आपल्या कॅलेंडरने होतो. मृग लागला की पेरायचं, हे आपल्या अंगात मुरलेलं. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, म्हणजे हिशोब जुळतो. दिल्लीत ती तारीख २७ जून. मृगाला पडवळ-दोडक्याचं बी टाकलंत तर कोवळ्या रोपांना आधी वीस दिवस लू झेलावी लागते. शिवाय दिल्लीत वेलभाज्यांचा आणखी एक हंगाम असतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरायचा, जो आपल्या कोकणी डोक्यात येतच नाही. आणि तिथला खरा राजा हंगाम हिवाळा: सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मेथी, पालक, मुळा, गाजर, मटार.

चेन्नईला तर गणितच फिरतं. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. आपली दिवाळी तिथे पुष्कळदा छत्री घेऊन होते. तंजावरला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना हे सांगायला नको, पण नुकत्याच तिकडे गेलेल्यांना सांगते: जूनमध्ये वाट बघत बसू नका, आणि टोमॅटो-वांग्याची रोपं ऐन नोव्हेंबरच्या झोडपणाऱ्या पावसात बाहेर लावू नका. ती तेव्हा आडोशाला वाढवा आणि डिसेंबरअखेर, पाऊस ओसरला की लावा. टोमॅटोची फुलं दिवसाचं तापमान पस्तीसच्या वर गेलं आणि रात्रही उष्ण राहिली की गळतात. म्हणून चेन्नईत फळ धरायला थंडीचे तेवढेच महिने हातात असतात.

उत्तरेतल्या मंडळींसाठी अजून एक. दिल्ली, ग्वाल्हेर, लखनौकडे डिसेंबर-जानेवारीत कढीपत्त्याची पानं झडतात आणि झाड काडी होऊन उभं राहतं. ते मेलेलं नसतं, थंडीने झोपलेलं असतं. झोपलेलं झाड पाणी पीत नाही. त्याला रोज पाणी घातलं की मुळं कुजतात आणि मग ते खरंच मरतं. नखाने साल जरा खरवडा, आत हिरवं दिसलं तर पाणी आठ-दहा दिवसांनी, तेही माती कोरडी असली तरच. खत अजिबात नको. मार्चमध्ये फुटेल. तुळशीचंही तसंच, तिला कडाक्याची थंडी सोसत नाही. तुळशीचं लग्न झालं की मंजिऱ्या खुडा, रात्री वरून जाड कापड टाका, आणि दोन-तीन काड्या पाण्यात मुळं फुटायला घरात ठेवून द्या. एवढं करूनही गेली तर मनाला लावून घेऊ नका, उत्तरेत ती दर वसंतात नवी लावणारी घरं पुष्कळ आहेत.

राहिली राख. कोकण, गोवा, कर्नाटकची किनारपट्टी, केरळ इथल्या आम्ल मातीत खुशाल वापरा, पण लाकडाचीच. कोळशाची किंवा प्लास्टिक-कागद जाळलेली नको. एका चौरस मीटरला मूठ-दीड मूठ, वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर. युरिया किंवा ताज्या शेणखताबरोबर एकाच वेळी घालू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातो. नुकत्या उगवलेल्या रोपांजवळही नको. आणि अनंताला, एक्झोराला कोकणातही नको. बाकी ठिकाणी राखेने भांडी घासा, अजूनही तिच्यासारखी चमक येत नाही.

पुढच्या भागात बरण्या बघणार आहोत. तुमच्या मातीची बरणी एक दिवस हलवू नका, थर बसल्यावर उजेडात धरून फोटो काढा आणि शहराचं नाव लिहून पाठवा. काळी, लाल, गाळाची आणि जांभ्याची अशी चार तरी एकत्र ठेवून दाखवायची आहेत.